हातभर अंतरावरचे साहेब

माझ्या थोरलीच्या लग्नाचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे. नवरा, नवरी, दोन्हीकडची माणसं. आणि बरोबर मधोमध, नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून एक उंच, काटकुळा माणूस उभा आहे. अंगात खाकी बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. नवा पाहुणा आला की विचारतो, हे मुलाचे कोण? मी सांगतो, मुलाचे कुणी नाहीत आणि मुलीचेही कुणी नाहीत. ते आमचे साहेब.

झालं असं, की मांडवात माणसं मावेनात म्हणून फोटोवाल्याने कॅमेऱ्याचं भिंग बदललं. साहेबांनी ते लांबूनच ओळखलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रुंद भिंग लावलंय त्याने. कडेला उभा राहील त्याचं तोंड पसरणार. चल, मधे घुसू."

"साहेब, मी मुलीचा बाप आहे. मी मधे घुसलो तर लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते उद्या विसरतील. फोटो राहणार आहे."

ते घुसले. मी नाही घुसलो. फोटोत माझं तोंड परातीएवढं आलं आहे. दुसऱ्या कडेला व्याही होते, त्यांचंही तसंच. साहेब तेवढे जसेच्या तसे.

त्यांना साहेब म्हणायला लागायचं, कारण दुसरं काही म्हटलं तर वळून बघायचे नाहीत. ते मला दोन नावांनी हाक मारायचे. मन खूश असलं की 'मिस्त्री', आणि राग आला की 'मालक'. मला मिस्त्री म्हटलेलं आवडत नसे. सातपूरला माझा गाळा होता. गाळा भाड्याचा, पण आतल्या दोन्ही लेथ माझ्या घामाच्या होत्या. चौथीनंतर शाळा सुटली, कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, टर्नर झालो, आणि एक दिवस फोरमनने माझ्या कामाला नाव ठेवलं म्हणून नोकरी सोडून स्वतःचं टाकलं. तेव्हा मालक म्हटलेलं बरं वाटायला हवं होतं. पण साहेब 'मालक' म्हणाले की समजायचं, आपण केलेली नळी आज परत येणार.

नळी म्हणजे भिंगाची. कॅमेऱ्याच्या तोंडाला जे भिंग लावतात ते एक काच नसतं. आत सात-आठ काचा एकामागे एक बसवलेल्या असतात. कुठली काच किती फुगीर, कुठली किती खोलगट, कुणाच्या मागे कोण, हे गणित साहेबांचं. काचा मुंबईहून घासून यायच्या. त्या धरून ठेवणारी नळी, कडी, आटे, हे माझं. ते आधी एका सरकारी कारखान्यात दुर्बिणी करत. तिथे वरच्याशी पटलं नाही, म्हणून राजीनामा देऊन पंचवटीत थोरल्या बहिणीकडे येऊन राहिले. लग्न केलं नव्हतं. अक्का, म्हणजे ती बहीण, म्हणायची, "करायला गेला होता. मुलगी बघायला गेला, आणि तिच्या चष्म्याचा नंबर चुकलाय असं तिच्या बापाला सांगून आला."

पहिल्यांदा आले ते लुनावरून. कागदाची गुंडाळी काखेत. मी म्हटलं, ड्रॉइंग ठेवून जा, बघतो. ते म्हणाले, "ठेवून जाणार नाही. तू बघेपर्यंत बसतो." आणि बसले. ते तसे पुढे काही वर्षं बसलेलेच होते.

चहा आला की पहिल्यांदा रिकाम्या ग्लासाचा तळ डोळ्याला लावून बाहेरचा रस्ता बघायचे. मग चहा ओतून घ्यायचे. चहावाल्याला वाटायचं, ग्लास नीट धुतलाय का बघतात. तो घाबरून यांचा ग्लास दोनदा विसळून आणायचा. काच पुसायला अक्काच्या जुन्या नऊवारीचं मऊ झालेलं फडकं, दुसरं काही नाही. माझ्या गाळ्यात लोखंडाच्या भुशात आणि ऑइलात माझं आयुष्य गेलं, पण काचा बसवायच्या दिवशी मला आंघोळ करून यायला लावायचे. मी म्हणायचो, "साहेब, मी त्र्यंबकेश्वराला जाताना एवढं करत नाही." ते म्हणायचे, "त्र्यंबकेश्वर धुळीला माफ करतो. हे करत नाही."

गणित करायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. प्रकाशाचा एक किरण कागदावर घ्यायचा. तो पहिल्या काचेत शिरला की किती वाकला, तिथून दुसऱ्या काचेपर्यंत कुठे पोचला, परत किती वाकला, असं एकेका काचेतून त्याला चालवत फिल्मपर्यंत न्यायचं. मदतीला एक छोटा कॅल्क्युलेटर आणि जुनी कोष्टकं. सकाळी विचारावं, काय चाललंय? तर म्हणायचे, "एक किरण सोडलाय." संध्याकाळी शटर ओढताना विचारावं, पोचला का? "नाही. सहाव्या काचेत आहे. उद्या येईल." जसा काही पाहुणा मनमाडला गाडी चुकून बसलाय.

आता हे एवढं सगळं कशासाठी, ते सांगतो. माझ्या मेव्हण्याची दिंडोरीला द्राक्षबाग. एका साली बागेवर रोग आला. त्याने पानाचा अगदी जवळून फोटो काढला आणि पुण्याला जाणकाराला दाखवला. जाणकार म्हणाला, डाग दिसतोय, पण बाग केवढी दाट आहे, पाणी कुठे तुंबतंय, ते कळत नाही. मेव्हण्याने मग बागेचा फोटो काढून नेला. आता बाग दिसली, पण डाग दिसेना. हे तो माझ्या गाळ्यात येऊन चहा पिता पिता सांगत होता. "दाजी, म्या आता बाग उचलून पुण्याला न्यू का काय?"

साहेब कोपऱ्यात होते. म्हणाले, "रोग पानावर दिसतो. त्याचं कारण बागेत असतं. दोन्ही एका फोटोत पाहिजे."

"आसं व्हतंय का?"

"होत नाही. म्हणून तर करायला पाहिजे."

त्यांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. सगळी बाग मावायची तर भिंग रुंद पाहिजे. पान मोठं दिसायचं तर तेच भिंग पानाच्या हातभर जवळ नेलं पाहिजे. आणि मागची बाग झाकायची नसेल तर पान फोटोच्या कोपऱ्यात धरलं पाहिजे. नेमकं तिथेच गाडं अडतं. रुंद भिंग लांबच्या हिशोबाने केलेलं असतं. ते जवळ नेलं की मधलं ठीक राहतं, पण कोपरे विस्कटतात, ओल्या कागदावर शाई पसरल्यासारखे. उपाय असा, की जवळचं धरताना सगळ्या काचा एकाच चालीने पुढे सरकवायच्या नाहीत. पुढच्या काचांनी जास्त सरकायचं, मागच्यांनी कमी. मी म्हटलं, "वळणावर बैलगाडीचं बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, तसं?" ते म्हणाले, "तसं. फक्त गाडी केसाएवढी." लगेच हेही म्हणाले, की ही युक्ती त्यांची नव्हे, बाहेरच्या देशात लोकांनी आधीच केलेली आहे. "त्यांना येतं हे मला माहीत आहे. मला येतं का ते बघायचंय."

म्हणजे एका रिंगेवर दोन आटे आले. एक जाड चालीचा, एक बारीक चालीचा, एकात एक बसणारे, आणि दोन्ही लोण्यासारखे फिरायला पाहिजेत. मी म्हटलं, होणार नाही. ते म्हणाले, बरं, दुसरा टर्नर बघतो. मी म्हटलं, दुसऱ्याकडे होणार नाही असं म्हणतोय मी. माझ्याकडे होईल.

घाई होती ती त्यांच्या डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. त्यांच्या थोरल्या भावाचा एक डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता, त्यामुळे दवाखान्याचं नाव काढलं की उठून जायचे. दिवसेंदिवस त्यांना धुक्यातून बघितल्यासारखं दिसायला लागलं. एकदा चालू लेथच्या चकतीवर हात ठेवायला निघाले तेव्हा मी ओरडलो, तर म्हणाले, "ओरडू नकोस, किरण चुकतो." त्यांना एवढंच हवं होतं, की डोळे जायच्या आत ते भिंग पुरं व्हावं, आणि त्यातून आलेला एक फोटो आपल्या डोळ्यांनी बघावा. नाव नको, दुकान नको. मुंबईची एक पार्टी चौकशी करून गेली, तिला त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

भिंगाची परीक्षा घ्यायची आमची पद्धत अशी. गाळ्याच्या मागच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं एक अख्खं पान चिकटवलं होतं, बारीक अक्षरातल्या लग्नाच्या जाहिरातींचं. कॅमेरा तिपाईवर, भिंतीपासून हातभर. फोटो काढायचा, मेनरोडवरच्या फोटोवाल्याकडून धुऊन आणायचा, आणि चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचायच्या. मोतीबिंदू वाढल्यावर वाचायचं काम माझ्याकडे आलं. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून मी वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे.

"उजवा वरचा."

"सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, उंची…"

"उंची किती?"

"उंची फिसकटली."

"मागच्या वेळी गृहकृत्यदक्षसुद्धा आली नव्हती. चाललंय. पुढचा."

महिने असेच गेले. कधी उंची यायची, कधी गोत्र यायचं. ज्या दिवशी एका कोपऱ्यात 'मुलास स्वतःचे घर असल्यास प्राधान्य' हे शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता आलं, त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या खिशातून सगळ्या गल्लीला जिलबी दिली. शेजारच्या गाळ्यातला वेल्डर मला विचारत होता, "कुणाचं जमलं?"

मग तीन कोपरे साफ आले आणि डावीकडचा खालचा येईना. मोजून सगळं परत केलं तरी येईना. इथे त्यांचा एक कायदा होता. चारही कोपरे विस्कटले तर दोष गणिताचा, म्हणजे त्यांचा. एकच विस्कटला तर काच तिरपी बसली, म्हणजे नळीचा, म्हणजे माझा.

"मालक," ते म्हणाले.

मी ओळखलं. म्हटलं, "नळी सरळ आहे."

"किरण तसं म्हणत नाही."

"किरणाला माझ्या गाळ्यात आणा, त्याच्यासमोर डायल लावून दाखवतो."

मी नळी लेथवर बांधून, केसाएवढा बाकही दाखवणारं डायल गेज लावून फिरवली. काटा हलला नाही. त्यांना काटा दिसत नव्हता, तर त्यांनी गेजवर बोट ठेवून बघितलं. पटलं नाही. दुसरी नळी केली. तोच कोपरा. तिसरी केली. तोच कोपरा. त्यांनी गणित उलटंपालटं केलं, एका काचेची जागा बदलली. तोच कोपरा. आम्ही एकमेकांशी बोलणं सोडलं. ते त्यांच्या स्टुलावर, मी माझ्या लेथवर. मधे काही लागलं तर वेल्डरला सांगायचो, "त्यांना सांग, पक्कड द्या म्हणावं." पक्कड त्यांच्या हाताशी असायची.

एका दुपारी अक्का डबा घेऊन आली. गाळ्यात बसायला जागा नाही, म्हणून ती मागच्या भिंतीला टेकली आणि लगेच सरकली. "अगं बाई, इथे ओल आली आहे की. फुगलीय भिंत."

आम्ही दोघं उठलो. मी वर्तमानपत्रावर हात फिरवला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टर पोटातून वर आलं होतं. जास्त नाही, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढं. भिंतीच्या पलीकडे शेजारच्या कारखान्याची पाण्याची टाकी. लांबून फोटो काढला असता तर कळलंही नसतं. हातभरावरून, परीक्षेसाठी तोंड पूर्ण उघडं ठेवलेलं ते भिंग जे जवळचं धरतं ते एवढं काटेकोर धरतं, की तेवढ्या फुगवट्यानं जाहिरात विस्कटली. भिंग खरंच बोलत होतं. आम्हीच त्याला खोटं पाडत होतो, आणि एकमेकांना.

साहेबांनीही त्या फुगवट्यावर तळहात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "दोष कुणाचा?"

मी म्हटलं, "गाळा भाड्याचा आहे."

त्यावर ते जे हसायला लागले ते थांबेनात. अक्का म्हणाली, "दोघे मिळून इतके दिवस भिंतीशी भांडत होतात होय? आणि मला वाटत होतं, काही शोध लावताय."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र जाड सपाट काचेवर चिकटवलं. चारही कोपरे आले. पण ते मी वाचून सांगितलेले. त्यांनी फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, खिडकीकडे धरला, तिरपा केला. त्यांना फक्त पांढरं दिसलं. फोटो माझ्याकडे देत म्हणाले, "तू म्हणतोस तर आले असतील." ते वाक्य मला काही बरं वाटलं नाही. एवढा हट्टी माणूस, आणि दुसऱ्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवायला लागला.

मी अक्काला सांगितलं. अक्काने दोन दिवस स्वयंपाक केला नाही. तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात यायला तयार झाले. अट एक, की मीही बरोबर यायचं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत. त्यांनी सांगितलं, आता पूर्वीसारखं नाही, आत नवीन भिंग बसवतात, जाड चष्मा लागत नाही. भिंग म्हटल्यावर साहेब सावध झाले.

"कोणाचं आहे? पुढची बाजू किती फुगीर, मागची किती?"

"काका, डबीवर फक्त नंबर असतो."

"नंबरावरून मी लग्नसुद्धा ठरवलं नसतं. काच कुठली आहे?"

"काच नाही, एक प्रकारचं प्लास्टिक असतं."

"प्लास्टिक!" साहेब माझ्याकडे वळले, जणू मीच ते सातपूरला ओतलं होतं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या भिंगाला नळी लागते. ह्याला डोळाच नळी. हलकं पाहिजे." मी आपलं काहीतरी बोललो. ते मात्र विचार करून म्हणाले, "हो. वजनाचा मुद्दा आहे."

डॉक्टरीणबाईंनी मग एक एक नीट समजावलं, कंटाळा केला नाही. शेवटी म्हणाल्या, "आणि काका, हे भिंग पुढेमागे सरकत नाही. एकाच अंतराचं साफ दिसणार. बहुतेक सगळे लांबचं घेतात आणि वाचायला चष्मा लावतात. तुम्हालाही लांबचंच ठेवू ना?"

"नाही," साहेब म्हणाले. "जवळचं. हातभर."

बाईंनी कागदावरून पेन उचललं. अक्का म्हणाली, "अरे वेड्या, रस्ता कसा ओलांडशील?"

"रस्त्याला चष्मा लावीन."

"आणि दारात कोण आलंय ते कसं कळेल?"

"जो आला असेल तो जवळ येईलच की. नाही आला तर तो आपल्याकडे आला नव्हता."

अक्काने माझ्याकडे पाहिलं, की तुम्ही तरी सांगा. मी साहेबांच्या बाजूचा निघालो. मला ते बरोबर वाटलं. ज्या माणसाचं सगळं जग त्या टेबलावर होतं, त्याने त्र्यंबकचे डोंगर साफ दिसावेत म्हणून टेबल का सोडावं?

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पट्टी निघाली तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा स्वतःचा तळहात बघितला, मग डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा कागद, मग माझ्या शर्टाचं कापड चिमटीत धरून जवळ ओढलं. "टेरिकॉट. मला इतके दिवस सुती वाटत होतं." हातभरापलीकडे मात्र त्यांना रंग तेवढे दिसत. लांबचा चष्मा महिना-दीड महिन्याने मिळणार होता, डोळा बसल्यावर.

तेवढा दम कोण धरतो! ऑक्टोबरची छाटणी झाली होती. मेव्हण्याच्या बागेत नवी फूट आली होती, त्यात अवेळी पाऊस पडला आणि डाऊनी आला. पानावर तेलकट पिवळे डाग पडतात आणि खालून पांढरी बुरशी धरते. मेव्हणा सांगायला आला तसे साहेब उठले. "उद्या सकाळी. चष्म्याबिष्म्याचं मग बघू."

मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून दिंडोरीला नेलं. भिंग पोटाशी धरून बसले होते. बागेत पोचलो तेव्हा मेव्हणा बोर्डो मारत होता, मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी. त्याने पंप खाली ठेवला आणि एक डागाळलेलं पान दाखवलं. साहेबांनी तिपाई लावली, कॅमेरा पानाजवळ नेला, पान कोपऱ्यात घेतलं, मागचं लांबचंही साफ यावं म्हणून भिंगाचं तोंड अगदी बारीक केलं. भिंगाची रिंग फिरवली आणि थांबले.

"मालक. रिंग अडते."

सकाळची थंडी होती. ग्रीस घट्ट झालं असेल, एवढंच. मी म्हटलं, "अडत नाही."

"माझी बोटं खोटं बोलतायत?"

"तुमची बोटं गारठलीयेत."

"ज्याला आटा कळत नाही त्याने नळी करू नये."

हे मेव्हण्यासमोर. सासुरवाडीच्या माणसासमोर. मी एक शब्द न बोलता तिथून निघालो आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी जाऊन उभा राहिलो. मी आजही सांगतो, रिंग अडत नव्हती. लांबून मला दिसत होतं, साहेब कॅमेऱ्यावर वाकलेत, मेव्हणा शेजारी वेल धरून उभा आहे, पान हलू नये म्हणून. साहेबांचं तोंड चालू होतं. पुष्कळ वेळ ते बोलत होते. मला वाटलं, माझ्या नावाने अजून शिव्या चालल्या आहेत. म्हटलं, चालू देत. परत जाताना मी नजर रस्त्यावरून हलवली नाही. मधे एकदा ते मागून म्हणाले, "हात धुतलास का?" मी गियर बदलला. मला तो प्रश्नच कळला नाही.

फोटो मोठा करून मागितला होता. मेनरोडच्या दुकानात फोटोवाल्याने तो काउंटरवर ठेवला. साहेबांनी उचलला आणि हातभरावर धरला.

कोपऱ्यात पान होतं. पानाची शिरन्शिर, डागाची कड, एका टोकाला लोंबणारा दवाचा थेंबसुद्धा. तिथून मागे मांडवाच्या ओळी निघाल्या होत्या, तारा, खांब, तुंबलेलं पाणी, आणि पार शेवटाला डोंगर. साहेबांची नजर पानापासून निघाली आणि हळूहळू फोटोच्या आत चालत गेली. तिथे प्रत्यक्ष उभं राहून त्यांना हे काहीच दिसलं नव्हतं. त्यांना दिसला असेल तो फक्त हिरवा धूर. आता सगळी बाग त्यांच्या हातात होती, हातभर अंतरावर. मी तोंड दुसरीकडे केलं. माणूस असा बघत असताना आपण त्याच्याकडे बघू नये.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

ओळीच्या शेवटी, मोटारीच्या खोलीपाशी, कमरेवर हात ठेवून, तोंड फिरवून एक माणूस उभा होता. बोटाच्या पेराएवढा. पण टोपीसकट साफ.

"मी आहे," मी म्हटलं.

"तू तिथे काय करत होतास?"

"तुम्ही मला बोललात. मी गेलो."

"कधी गेलास?"

"लगेच."

साहेबांनी फोटो थोडा खाली घेतला. "मग माझ्या शेजारी कोण होतं?"

"मेव्हणा. वेल धरून."

त्यांनी फोटोतल्या त्या माणसावर बोट ठेवलं. फोटोवाला दुसरं गिऱ्हाईक बघायला गेला. मग म्हणाले, "पांढरा शर्ट, उंची तीच. मला वाटलं तू आहेस. त्याच्याशीच बोलत होतो मी. रिंग फिरली, एकदम फिरली, लोण्यासारखी. मग मी हात पुढे केला, त्याने दिला. हात निळा होता. मी म्हटलं, ह्या माणसाने कामाच्या वेळी कशात हात घातला?"

"काय बोलत होतात त्याच्याशी?"

"ते एकदा बोललो. ऐकायला तू तिथे पाहिजे होतास."

पुढे मी मेव्हण्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, "दाजी, लय येळ बोलले ते. मला त्यातलं काय बी उमगलं नाय. पर वाईट नव्हते बोलत, यवढं कळत व्हतं. मी आपलं हूं हूं करत व्हतो." म्हणजे साहेब आयुष्यात एकदा माझ्या कामाबद्दल चांगलं बोलले असतील, तर ते माझ्या मेव्हण्याने ऐकलं, आणि हूं म्हणून वाया घालवलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दुकानात साहेबांनी फोटो डाव्या हातात घेतला आणि उजवा माझ्यापुढे केला. मी ताठ उभा होतो. रिंगेचं माझ्या मनातून गेलं नव्हतं. तरी मी हात दिला.

त्यांनी तो लगेच दाबला नाही. उचलून डोळ्याजवळ नेला, हातभरावर धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. तळव्याच्या रेघांत ऑइल बसलेलं, नखं काळी, अंगठ्यावर लेथच्या चुऱ्याने कापल्याचा जुना वण.

"हां," ते म्हणाले. "हा तुझाच."

आणि मग दाबला.